मधला निरोप्या आणि शिळी खबर

श्रावणातली रात्र आहे असे समजा. दोन दिवस झड लागून राहिली आहे. वरच्या धरणातून पाणी सोडल्याचे संध्याकाळी पारावर कानी आले आहे. तुमची मोटार नदीकाठी आहे, वस्तीपासून सव्वा किलोमीटर लांब, आणि मध्ये डोक्यावर गेलेला ऊस उभा आहे. मोटार वर काढायची तर चार माणसे, दोर आणि तासभर वेळ हवा. पाणी चढले आहे की नाही, हे घरबसल्या कळायचे कसे?

आजवर काय होत आले? घरातला एक जण डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, हातात बॅटरी धरून नदीकडे जातो. आणि तो परत येईपर्यंत घरातली माणसे दाराकडे डोळे लावून बसतात. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरकडे कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला होता. त्या दिवसांत अशा रात्री किती घरांनी काढल्या, हे नदीकाठच्या माणसाला सांगायला नको.

आता पाण्याची पातळी मोजून ती बिनतारी कळवणारी छोटी यंत्रे निघाली आहेत. एक यंत्र काठावर, एक घरात. वाट लांब असेल तर मध्ये तिसरे बसवतात. ते निरोप घेते आणि पुढे देते. इंजिनिअर लोक त्याला ‘रिले’ म्हणतात. आपण त्याला ‘मधला निरोप्या’ म्हणू. हा निरोप्या मोठ्या कामाचा आहे. पण त्याच्यावर किती विसंबावे, हे एका गोष्टीवर ठरते. वाट आत्ता कशी आहे याची यंत्रांना असलेली माहिती ताजी आहे की शिळी? आज हेच समजून घेऊ. त्यासाठी शिक्षणाची अट नाही. तुम्ही लहानपणी बांधावर उभे राहून हाळी दिली असेल, तर निम्मा विषय तुम्हाला आधीच येतो.

बांधावरचा पोरगा

विहिरीवरून बापाने हाळी दिली, “काठी आण!” घर लांब, वारा उलटा. मधल्या बांधावर पोरगा उभा आहे. त्याने ऐकले आणि घराकडे तोंड करून पुन्हा हाळी दिली. हाच मधला निरोप्या.

यात पोरगा दोन तऱ्हांनी वागू शकतो. पहिली तऱ्हा म्हणजे जसे कानावर पडले तसेच, अर्थ न लावता, मोठ्याने पुढे ओरडायचे. यात बापाचा आवाज मोठा होतो, पण त्यात मिसळलेली वाऱ्याची घोंघोंही तितकीच मोठी होते. दुसरी तऱ्हा म्हणजे आधी नीट समजून घ्यायचे आणि मग आपल्या शब्दांत स्वच्छ सांगायचे. यात घोंघों मागेच राहते. पण पोराने “काठी”चे “पाटी” ऐकले असेल, तर घरी खणखणीत आवाजात चुकीचाच निरोप पोहोचतो, आणि बाईमाणूस पाटी घेऊन निघते!

बिनतारी निरोप्यांचेही हेच दोन मुख्य प्रकार आहेत. म्हणून शहाण्या यंत्रात निरोपाबरोबर एक ताळा पाठवतात, आपण बेरीज केल्यावर ताळा पाहतो तसा. ताळा जमला तरच निरोप्या निरोप पुढे देतो; नाही जमला तर गप्प बसतो. चुकीचे बोलण्यापेक्षा गप्प बसलेले बरे, हे शहाणपण यंत्रालाही शिकवावे लागते.

निरोप्याने फायदा किती?

बिनतारी लहर मोकळ्या आकाशात अंतर दुप्पट झाले की चौथाईवर येते. जमिनीलगत, माती आणि पिकाला घासत जाताना, ती सोळाव्या हिश्श्यापर्यंतही घसरते. म्हणून लांबची एक उडी मारण्यापेक्षा जवळच्या दोन उड्या सोप्या पडतात.

दुसरा फायदा याहून मोठा आहे. लहर एकाच वाटेने जात नाही. थोडी सरळ जाते, थोडी पत्र्यावर आपटून, थोडी पाण्यावरून उसळून. विहिरीत दोन खडे टाकले तर कुठे लाटेवर लाट चढते आणि कुठे लाट लाटेला मारते, तसेच इथे होते. शेतातली बरीच यंत्रे ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात चालतात. ठरावीक मर्यादेतल्या कमी शक्तीच्या यंत्रांसाठी हा पट्टा आपल्या देशात परवान्याशिवाय खुला आहे. तिथली लहर सुमारे ३५ सेंटिमीटर लांब असते. म्हणून यंत्र वीतभर सरकवले तरी आवाज पडतो किंवा उठतो. अशी पडझड कोणत्या क्षणी होईल ते सांगता येत नाही.

आता हिशेब करा. थेट वाट दहांतून एकदा दगा देते असे धरू. निरोप्याची वाटही दहांतून एकदा दगा देते. दोन्ही वाटा एकमेकींपासून वेगळ्या असतील, तर दोन्ही एकाच वेळी दगा देण्याची पाळी शंभरांतून एकदाच येते. नदीवरचे यंत्र दर पाव तासाला बोलत असेल तर दिवसाचे ९६ निरोप होतात. एका वाटेवर त्यातले नऊ-दहा हरवतील. दोन वाटांवर जेमतेम एक.

ही कल्पना नवी नाही. मध्ये मदतनीस असलेल्या अशा वाटेचा गणिती विचार एडवर्ड व्हान डर म्यूलेन यांनी १९७१ साली मांडला. त्याच १९७१ साली आपल्या जुन्नर तालुक्यात आर्वीला विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह तरी दुसरे काय करतो? खालून आलेले ऐकतो, मोठे करतो आणि परत खाली देतो. तोही आभाळातला निरोप्याच. पुढे १९७९ साली टॉमस कव्हर आणि अब्बास एल गमाल यांनी या वाटेतून किती माल वाहता येईल याचे गणित पुष्कळ पुढे नेले. २००३-०४ च्या सुमारास जगभरचे इंजिनिअर एकमेकांना साह्य करणाऱ्या बिनतारी यंत्रांच्या मागे लागले. ‘एकमेका साह्य करू’ हे आपल्या सोसायटीच्या पाटीवरचे तत्त्वच म्हणा ना!

माइक टेस्टिंग, वन टू थ्री

पण अशा बऱ्याच हिशेबांत सुरुवातीला एक गोष्ट गृहीत धरलेली असे. ऐकणाऱ्याला वाटेची नेमकी कल्पना आहे, हे ते गृहीत. प्रत्यक्षात ती कधीच पुरती नसते.

वाटेची माहिती यंत्राला मिळते कशी? लग्नाच्या मांडवात माइकवाला आधी काय करतो? “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री.” त्याला सांगायचे काहीच नसते. पण काय बोलले हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे आवाज कसा पोहोचला यावरून कर्णा कसा आहे ते कळते. बिनतारी यंत्रेही असेच करतात. मूळ निरोपाबरोबर दोघांनाही आधीच ठाऊक असलेले काही संकेत पाठवतात. ते किती दबले, किती सरकले, यावरून वाटेचा अंदाज बांधतात. तुमच्या खिशातला मोबाईल आणि गावाबाहेरचा टॉवर हेच सतत करीत असतात.

हा अंदाज तीन कारणांनी चुकतो. पहिले कारण खरखर. वन टू थ्रीतच खरखर मिसळली तर मोजणीच चुकणार. दुसरे कारण ढोबळपणा. घरचे यंत्र निरोप्याला वाटेचा सगळा तपशील कळवीत नाही. बॅटरी वाचवायला नुसते ‘बरी’ किंवा ‘वाईट’ एवढेच कळवते. तिसरे कारण वेळ. मोजले तेव्हा वाट एक होती, निरोप निघेपर्यंत ती दुसरी झाली.

वाट किती लवकर बदलते? एस.टी.तून ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाच्या मोबाईलची वाट सेकंदाच्या शंभराव्या भागात पालटते. खांबावर पक्क्या बसवलेल्या यंत्राचे तसे नाही. पण वारा सुटला, पाने हलू लागली, की तिथेही काही क्षणांत फरक पडतो. शिवाय एक सावकाश होणारा बदल असतो. तो आपल्या लक्षातच येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला सुरू ऊस मे महिन्यात फार तर कमरेला असतो. तेव्हा यंत्र बसवले, झकास चालले. ऑगस्टात तोच ऊस डोक्यावर, पाने भिजलेली. ओले पान लहर पिऊन टाकते. मेमधली चांगली वाट ऑगस्टात चांगली राहीलच असे नाही, आणि निरोपाची खरी गरज ऑगस्टातच असते.

मग सारखे वन टू थ्री करीत राहावे का? तेही जमत नाही. माइकवाला तासभर टेस्टिंग करीत राहिला तर मंगलाष्टके केव्हा म्हणायची? चाचणीचे संकेत वाढवले की निरोपाला वेळ कमी उरतो आणि बॅटरी लवकर उतरते. यात मध्यच गाठावा लागतो.

दोन निरोपे, पण काम एकाचे

आता खरी मेख पाहा. समजा तुम्ही दोन निरोपे बसवले. एक बांधावरच्या खांबावर, दुसरा पाण्याच्या टाकीवर. दोघांपैकी ज्याची वाट आत्ता चांगली असेल त्याच्याकडून निरोप न्यायचा. प्रत्येकाची वाट दहांतून एकदा वाईट असते. माहिती ताजी असेल तर निरोप तेव्हाच चुकेल जेव्हा दोन्ही वाटा वाईट असतील, म्हणजे शंभरांतून एकदा.

आणि माहिती पार शिळी असेल तर? मग निवड म्हणजे डोळे मिटून चिठ्ठी उचलणे. निवडलेला निरोप्या दहांतून एकदा वाईटच निघणार. पैसे दोघांचे मोजले, काम एकाचेच मिळाले! यंत्रे दोन्ही धडधाकट, आणि तरी तोटा.

“मग यंत्राची ताकद वाढवा,” असे तुम्ही म्हणाल. वाढवून पाहू. ताकद दुप्पट केली की एकेका वाटेचा दगा ढोबळमानाने निम्मा होतो, म्हणजे विसांतून एकदा. ताजी माहिती असणाऱ्याची चूक शंभरांतून एकावरून चारशेंतून एकावर आली. शिळ्या माहितीवाल्याची मात्र दहांतून एकावरून विसांतून एकावरच. आवाज चढवल्याने अज्ञान भरून निघत नाही. काही वेळा तर, अंदाजातली चूक तशीच राहिली तर, ताकद कितीही वाढवा, एका पातळीखाली चुका जातच नाहीत.

दोन्हींकडून आलेला निरोप एकत्र करतानाही हेच घडते. लासलगावच्या कांद्याचा भाव दोघांनी सांगितला. एक जण आज सकाळी स्वतः जाऊन आलेला, दुसऱ्याने परवा कोणाकडून तरी ऐकलेला. तुम्ही पहिल्याच्या शब्दाला जास्त वजन देता. पण कोण जाऊन आला आणि कोणी ऐकले, याचीच तुमची समजूत उलटी असेल तर? दोघांचे ऐकून केलेला अंदाज एकाच खऱ्या माणसाच्या शब्दापेक्षा वाईट निघेल.

दोन्ही निरोप्यांना एकाच क्षणी, एकाच सुरात बोलायला लावायचे, असाही एक मार्ग आहे. मोटार ओढताना चौघे “हैस्सा” म्हणून एकाच दमात जोर लावतात तसा. जमले तर जोर फार मोठा होतो. पण त्यासाठी प्रत्येक वाटेची फार बारीक माहिती लागते. दम चुकला, एकाने ओढताना दुसऱ्याने सैल सोडले, तर दोर जागचा हलत नाही. लहरींचेही तसेच. सूर चुकला तर एकीची लाट दुसरीला खाऊन टाकते.

माहीत नाही, हे माहीत असावे

मग उपाय काय? उपाय आहे, आणि तो साधा आहे. वाटेच्या माहितीवर भरवसा नसेल तेव्हा निवड करूच नये. दोन्ही निरोप्यांनी आळीपाळीने तोच निरोप सांगावा. वेळ जास्त जातो, बॅटरी जास्त खाल्ली जाते. पण कोणाची वाट चांगली हे आधी ठाऊक असण्याची गरज उरत नाही. दोघांपैकी एकाचा पोहोचला तरी झाले. शंभरांतून एकाचा हिशेब परत हाती आला. आपल्याला किती कळत नाही हे ज्या यंत्राला कळते, ते थोडा जास्त खर्च करून निरोप पोहोचवते. ज्याला ते कळत नाही, ते ऐन वेळी दगा देते.

काटकसरीचा आणखी एक मार्ग आहे. नदीवरच्या यंत्राने आधी थेट निरोप द्यावा. घरच्या यंत्राकडून पोच आली तर निरोप्याने गप्प बसावे. पोच नाही आली तरच त्याने तोंड उघडावे. इथे वाटेची सविस्तर माहिती लागतच नाही. ‘पोचले’ किंवा ‘नाही पोचले’ एवढे कळले की पुरते.

आता घरच्या माणसाच्या कामाचे. नदीवरच्या यंत्राने पाणी चढल्यावरच बोलावे, असे कधीही ठेवू नका. मग त्याचे गप्प राहणे म्हणजे ‘सगळे ठीक’ की ‘यंत्र वाहून गेले’, हे कळणार कसे? त्याने दर पाव तासाला, ठीक असले तरी, ‘ठीक’ म्हणावे. म्हणजे गप्प राहण्यालाही अर्थ येतो. पण तो अर्थ केव्हा येतो पाहा. दहांतून एक निरोप हरवत असेल, तर लागोपाठ दोन हरवण्याची पाळी रोज एकदा येणार. चार दिवसांत घरचे लोक त्याकडे बघेनासे होतील, लांडगा आला रे आला या गोष्टीतल्यासारखे. शंभरांतून एक हरवत असेल, तर लागोपाठ दोन हरवणे शंभर दिवसांतून एखाद्या वेळीच घडेल. मुसळधार पावसात निरोप एकामागून एक हरवतात, म्हणून हा हिशेब ढोबळच समजायचा. पण बोध पक्का आहे. निरोप्या भरवशाचा असेल तरच त्याच्या गप्प राहण्याने माणूस सावध होतो.

विकत घेण्याआधी विचारा

असे यंत्र घ्यायचे ठरलेच तर दुकानदाराला किंवा कंपनीच्या माणसाला पुढचे प्रश्न जरूर विचारा. ‘अमुक किलोमीटर जाते’ एवढ्यावर समाधान मानू नका.

१. प्रत्येक निरोपावर वेळ येते का? घरच्या पडद्यावर ‘पाणी ठीक’ दिसते आहे, पण ते आत्ताचे की तीन तासांपूर्वीचे? वेळ नसलेला निरोप सगळ्यांत घातकी. तो पाहून माणूस निर्धास्त झोपतो.

२. पोच मिळते का, आणि पोच न मिळाल्यास यंत्र पुन्हा सांगते का?

३. मधला निरोप्या ताळा पाहून मगच पुढे देतो का?

४. ठरलेल्या वेळात निरोप आला नाही तर घरचे यंत्र आपण होऊन घंटा वाजवते का? ती घंटा घरातल्या दोघा-तिघांच्या फोनवर जाते का? कारभारी परगावी असेल तर घरच्या मालकिणीला कळायला नको का?

बसवतानाही काळजी घ्या. चाचणी उन्हाळ्यातच करून थांबू नका. पीक उंच आणि ओले असताना आठ दिवस वहीत टिपून ठेवा, किती निरोप आले आणि किती हरवले. यंत्राची काठी पिकाच्या वर राहील इतकी उंच हवी. निरोप्या ढोबळमानाने वाटेच्या मध्यावर असावा, अगदी एका टोकाला नको. दोन निरोपे एकाच खांबावर बांधू नका. वीज पडली किंवा खांब कलला तर दोघेही एकदमच जातील, आणि मघाचा शंभरांतून एकाचा हिशेब तिथेच संपला. सौर पट्टीवर चालणारा निरोप्या असेल तर आषाढ-श्रावणातल्या ढगाळ दिवसांत बॅटरी किती दिवस टिकते ते आधी विचारा.

आणखी एक सांगायचे राहिले. मोबाईलची रेंज वाढवणारे ‘बूस्टर’ बाजारात मिळतात. परवान्याशिवाय ते बसवणे कायद्याने गुन्हा आहे. तोही एक निरोप्याच, पण अर्थ न लावता ओरडणारा. स्वतःच्या घरी आवाज वाढवताना तो टॉवरकडे खरखर पाठवतो आणि सगळ्या वाडीची रेंज बिघडवतो. त्याच्या वाटेला जाऊ नका.

शेवटी, यंत्र असले तरी धरणातून पाणी सोडण्याबद्दल सरकारी इशारा किंवा ग्रामपंचायतीची दवंडी आली, की ती प्रमाण माना. यंत्र ‘ठीक’ म्हणते म्हणून दवंडी खोटी ठरवू नका. नदीवर जायची वेळ आलीच तर एकट्याने जाऊ नका, आणि मोटारीला हात लावण्याआधी वीज बंद केल्याची स्वतः खात्री करा. पाणी आधीच मोटारीपाशी पोहोचले असेल तर मागे फिरा. मोटार पुन्हा घेता येईल.

आणि त्या श्रावणातल्या रात्री पडद्यावर ‘पाणी ठीक’ दिसले, तर निजण्याआधी एकदा त्याच्या शेजारची वेळ वाचा. पाव तासाच्या आतली असेल तर खुशाल पाठ टेका. अर्ध्या तासापूर्वीची असेल, तर शेजाऱ्यांना हाक मारा आणि दोर बाहेर काढा.